जिभेखालची जागा

माणसाच्या तोंडात काय काय मावतं याची मला चांगली कल्पना आहे. दातांच्या डॉक्टरला दात दिसतात. मी बघते ती जिभेखालची जागा, वरच्या ओठाची आतली बाजू आणि दोन्ही गालांचे कोपरे. मी मानसिक आजारांच्या रुग्णालयात नर्स आहे, बायकांच्या वॉर्डात. कुठलं रुग्णालय ते सांगत बसत नाही. ठाण्याकडचं आहे, आणि मी राहते कळव्याला, एवढं पुरे.

आमच्याकडे गोळी नुसती देऊन भागत नाही. गोळी हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा, घोट घेताना गळ्याकडे लक्ष ठेवायचं आणि मग म्हणायचं, "आ करा. जीभ वर. गाल." कारण जिला गोळी नको असते ती जिभेखाली धरून ठेवते आणि आपण पुढे सरकलो की मोरीत थुंकते. तिचंही काही चुकतं असं नाही. कुणाचे त्या गोळ्यांनी हात थरथरतात, कुणाला दिवसभर गुंगी येते, आणि कुणाला मुळात आपण आजारी आहोत हेच पटलेलं नसतं. पण गोळी पोटात गेली नाही की थोड्या दिवसांत ये रे माझ्या मागल्या. म्हणून तोंडं बघायची. सकाळी बघायची, दुपारी बघायची, रात्रपाळीवाली रात्री बघते.

हे मला शिकवलं आमच्या तेव्हाच्या इन्चार्ज सिस्टरांनी. बाई उंच, आवाज बारीक, आणि वॉर्डात चालताना चपलांचा अजिबात आवाज नाही. त्यांच्याकडे असल्या कामाच्या गोष्टी पुष्कळ होत्या. उभं राहताना दार आपल्या पाठीशी ठेवा. ओढणी वॉर्डात आणू नका. जी बाई पटकन आ करते तिच्या तोंडात दोनदा बघा, कारण जिच्याकडे काही नसतं ती चिडते, मला चोर समजता का म्हणून भांडते. आणि कुणी रडत असेल तर लगेच पाणी देऊ नका, थोडं रडू द्या. हे सगळं त्या चालता चालता सांगायच्या आणि आम्ही मुली मागून पळायचो.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला या वॉर्डाची पाळी आली तेव्हा बाकीच्या मुली घाबरल्या होत्या. मला मात्र भारी मजा वाटली. लोक नर्सला विचारतात, सेवेची आवड होती का? नोकरीच्या मुलाखतीत मीही हो म्हटलं, सगळ्याच म्हणतात. खरं कारण वेगळं होतं. मी लहानपणापासून चोंबडी. चाळीत कुणाकडे पाहुणे आले, कोण का भांडलं, कुणाच्या घरातून कसला वास येतो, सगळं मला कळायला हवं असायचं. आई कपाळाला हात लावायची. "हिचं नाक कापून खुंटीला टांगलं पाहिजे," म्हणायची. आणि इथे तर चोंबडेपणाचा पगार मिळत होता. समोरची बाई काहीतरी सांगते, आणि आपण फक्त म्हणायचं, "मग?"

एक मावशी होत्या. त्यांच्या गालात एकदा शर्टाचं बटण सापडलं. मी काढून घेतलं, धुतलं, आणि कचऱ्यात टाकायच्या आधी विचारलं, "हे कुणाचं?"

"धाकट्याचं," त्या म्हणाल्या.

"मग?"

मग कळलं की मुलगा भेटायला आला होता, त्याच्या बाहीचं बटण लोंबत होतं. ते लावून द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण वॉर्डात सुईदोरा कुठला? म्हणून त्यांनी बटणच ओढून काढून घेतलं, पुढल्या खेपेला लावते म्हणाल्या. मी विचारलं, "अहो, पण तोंडात कशाला ठेवायचं? गिळलं असतं तर?" त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "दुसरी जागा आहे का माझी इथे?" म्हणाल्या.

खरंच नव्हती. कपडे धुऊन येतात ते कुणाचे कुणाला, खिसे नाहीत, उशीखाली ठेवलेलं टिकत नाही. उरली ती जिभेखालची जागा. त्या दिवसापासून मला तोंडात बघताना थोडा संकोच वाटायला लागला, दार वाजवून आत गेल्यासारखं करायला हवं असं वाटायचं. बटण मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. मुलगा पुन्हा आला तेव्हा सुईदोरा दिला आणि शेजारी बसून राहिले. त्यांनी मन लावून बटण लावलं आणि दोरा दाताने तोडला.

अशी कितीतरी तोंडं. चिंचोके सापडले, लवंग सापडली, एकीच्या तोंडात बसच्या तिकिटाचा लगदा. प्रत्येक वेळी मी "मग?" विचारायची आणि माझ्या ट्रेला उशीर व्हायचा. बरोबरच्या सिस्टर वैतागायच्या. "तू गोळ्या वाटतेस की मुलाखती घेतेस गं?"

नक्की कधी बिघडलं ते मला सांगता येत नाही, आणि याचंच मला सगळ्यात नवल वाटतं. ताप आला तर तो आला हे कळतं. हे कळलंच नाही. खाटा वाढल्या, आम्ही तेवढ्याच राहिलो, मधे करोनाची वर्षं झाली, त्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होऊन डोंबिवलीला गेल्या, आणि इन्चार्ज मी झाले. त्यात रोज रडणारी एक, रोज शिव्या देणारी एक, रोज "मला घरी कधी नेणार" विचारणाऱ्या सगळ्याच. सुरुवातीला मी घरी येऊन त्यांच्यासाठी रडलेली आहे. मग रडणं थांबलं, तेव्हा वाटलं, बरं झालं, मुरलो आपण. मग "मग?" थांबलं. त्याच्या जागी "हं" आलं.

हे "हं" फार सोयीचं असतं. कशालाही चालतं. कुणी सांगितलं, माझी आई वारली, "हं." कुणी सांगितलं, मी पंतप्रधानांची बहीण, "हं." आवाज गोड, मान किंचित हललेली. समोरच्याला वाटतं ऐकून घेतलं. आणि आत आपण कुकरची रिंग आणायची राहिली याचा विचार करत असतो.

ते "हं" मी घरीही आणलं. माझे यजमान एसटीत आहेत, खोपटच्या डेपोत वर्कशॉपला. माणूस बडबड्या. घरी आला की कुठली गाडी कुठे बंद पडली इथपासून सुरुवात. मी "हं" करत भाकऱ्या थापायची. एकदा त्यांनी मधेच सांगितलं, "आणि मग मी त्या गाडीखाली मेलो." मी म्हटलं, "हं." ते हसत सुटले, आणि मीही हसले. नंतर भांडी घासताना मला त्या हसण्याचं काही खरं वाटेना.

मध्ये आमच्यासाठी एक शिबिर झालं. एका तरुण बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की दुसऱ्याचं दुःख रोज उचलणाऱ्याला एक थकवा येतो, त्याला कम्पॅशन फटीग म्हणतात, मराठीत करुणेचा थकवा. निम्म्या सिस्टरांचा डोळा लागला होता, कारण रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. मला मात्र एकदम उत्सुकता वाटली. आजार ओळखीचा निघाला की पेशंटला बरं वाटतं ना, तसं. मी हात वर करून विचारलं, "मॅडम, मला राग येत नाही, रडू येत नाही, कंटाळासुद्धा येत नाही. मग मला येतं तरी काय?" सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, स्वतःसाठी वेळ काढा, छंद जोपासा. मागून कुणीतरी म्हणालं, "झोप हा छंद चालेल का?"

घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "आमच्याकडे गाडीसुद्धा अधूनमधून कामाला आत घेतात. तुमच्याकडे काय, बंद पडेपर्यंत पळवायची?" त्यांच्या बोलण्यावरून मी बदलीचा अर्ज दिला. लसीकरणाकडे मिळाली तर हवी आहे. मिळेल तेव्हा मिळेल.

माझा चोंबडेपणा गेला, एवढं मात्र मला कळलेलं होतं. करुणेचं मला माहीत नाही. विहारात लहानपणापासून तो शब्द म्हणत आले, पण आपल्याकडे ती किती होती हे कधी मोजून पाहिलेलं नाही. चोंबडेपणा मात्र माझा स्वतःचा होता, जन्मापासूनचा, आणि तो गेल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

आता आईचं सांगते.

माझे आईवडील कल्याणजवळ मोहन्याला राहायचे. वडील तिथल्या कंपनीत होते, आणि कंपनी सुटली तरी मोहनं सुटलं नाही. गेल्या थंडीत वडील गेले. मी एकुलती एक, म्हणून आईला कळव्याला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. यजमानांनी तिला "आई, मला दुपारचं जेवायला सोबत नसते" असं काहीबाही सांगून आणली. मला ती हवी होती. हे मी अगदी सरळ लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही. माझ्या घरात माझी आई असावी, तिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, एवढीच माझी इच्छा होती. वडिलांच्या वेळी मी ड्युटीवर होते. हिच्या वेळी तरी तसं होऊ नये.

आईला ब्लडप्रेशर आहे, सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. ती मी माझ्या हाताने द्यायची. नर्सच्या घरात आणखी कोण देणार? पण आमच्याकडे आल्यापासून प्रेशर काही खाली येईना. मी दर रविवारी मोजायची आणि मान हलवायची. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. मीठ कमी करा म्हणाले, तर मी तिचं लोणचंसुद्धा बंद केलं.

त्या दिवशी मला उशीर होत होता. डबा भरायचा होता, गॅसवर चहा होता, यजमान दाराशी बूट घालत होते. मी आईच्या हातावर गोळी ठेवली, पेला दिला, तिने घोट घेतला. आणि मी म्हटलं, "आ करा. जीभ वर."

आईने आ केलं. जीभ वर केली.

मी वाकून बघितलं. "गाल," म्हटलं. तिने एकेक गाल बोटाने ओढून दाखवला. मी म्हटलं, "झालं. पुढची."

स्वयंपाकघरात पुढची कुणीच नव्हती. दारातून यजमानांनी विचारलं, "पुढची कोण?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. यजमान बूट हातात घेऊनच हसायला लागले. मी आईला म्हटलं, "अगं, सवयीने गं, चुकून," आणि मीही हसले. आई जरा वेळाने हसली. संध्याकाळी मी आले तोवर शेजारणींपर्यंत गोष्ट पोचली होती. पुढे कितीतरी दिवस यजमान पोहे खायच्या आधी माझ्यापुढे आ करून उभे राहायचे. "बघून घ्या सिस्टर, काही लपवलं नाही."

आईने मात्र त्यानंतर गोळ्यांची पट्टी स्वतःकडे ठेवली. "माझी मी घेईन," म्हणाली. आणि थोड्याच दिवसांत म्हणायला लागली की मोहन्याची खोली बंद पडून आहे, उंदीर झाले असतील, पौर्णिमेच्या खिरीला इथल्या विहारात तिला कुणी ओळखत नाही. मग एक दिवस पिशवी भरली. यजमान सोडायला गेले. जाताना मला म्हणाली, "आता तिकडेच बरी मी. तू नको काळजी करूस." म्हणजे परत येणार नव्हती. तिच्या बोलण्यात असं जास्तीचं काही नसतं.

मी "हं" म्हटलं.

आणि मला काही झालं नाही. याचीच मला भीती वाटली. भीतीसुद्धा पुरती नाही, नवल जास्त. दात पडल्यावर जीभ सारखी त्या खळग्यात जाते ना, तशी मी दिवसभर आत चाचपून बघायची, दुखतं का? आई गेली, दुखतं का? मी नुसती औषधाच्या ट्रेमागे चालत होते.

पण एक गोष्ट झाली. एका सकाळी डबा भरताना मला आपोआप एक प्रश्न पडला. आईने आ का केलं?

हसण्यावारी नेल्यामुळे हे मी कधी बघितलंच नव्हतं. माझी आई सांगितलेलं ऐकणारी बाई नाही. विहाराच्या कमिटीवाल्यांशी तिने खिरीत साखर की गूळ यावरून उभं भांडण केलेलं आहे. हॉस्पिटलात "आजी, मास्क वर घ्या" म्हणणाऱ्या वॉचमनला तिने "आजी कुणाला म्हणतोस रे" म्हणून झापलेलं मी ऐकलंय. अशा बाईला पोटच्या पोरीने "आ करा" म्हटलं, अहोजाहो करून म्हटलं, तर तिने पेला माझ्या डोक्यात घालायला हवा होता. तिने जीभ वर केली, गालसुद्धा ओढून दाखवले.

का?

मला हा प्रश्न पडला याचाच मला आनंद झाला. वेडेपणा वाटेल, पण किती दिवसांत मला असं काही खरोखर जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. वॉर्डात गेले तरी तो डोक्यात होता. मला वाटलं, ती दुखावली असेल. पण दुखावलेली माणसं आधी चिडतात, ऐकत नाहीत. मग वाटलं, घाबरली असेल. मला? मला कोण घाबरतं घरात!

त्याच आठवड्यात ट्रेनिंगच्या नव्या मुली आल्या. त्यांना औषधाची फेरी दाखवणं माझं काम. सगळं तोंडपाठ असतं, म्हणताना डोकं लागत नाही. पेला असा द्या, गळ्याकडे बघा, दार पाठीशी ठेवा. "आणि जी पटकन आ करते," मी म्हणाले, "तिच्या तोंडात दोनदा बघा. कारण जिच्याकडे काही नसतं ती चिडते. जिने लपवलेलं असतं ती..."

मुली वाट बघत होत्या. एकीला वाटलं, मी प्रश्नच विचारलाय. ती चाचरत म्हणाली, "ती लगेच आ करते?"

"हो," मी म्हटलं.

तसं बघायला गेलं तर प्रेशर उतरत नव्हतंच. गोळीची ताकद वाढवली तरी उतरत नव्हतं. आमच्या वॉर्डात कुणाला औषध लागू पडेनासं झालं की आम्ही पहिली शंका काय घेतो? आणि घरात मी लोणचं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळीच निघाले, शहाडला उतरून रिक्षा केली. आई दारातल्या उजेडात लसूण सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "सुट्टी का? जावई कुठे?"

"ते ड्युटीला." मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर बसले. मी फार वेळ गोष्ट पोटात ठेवू शकत नाही. "आई, त्या दिवशी तू आ का केलंस?"

"कुठल्या दिवशी?"

"तुला माहितेय कुठल्या."

"तू सांगितलंस म्हणून केलं."

"तू माझं ऐकतेस कधी?"

आई हसली. लसणाची सालं फुंकर मारून बाजूला केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "होती."

"काय होती?"

"गोळी. जिभेखाली होती."

"हं" आलं नाही तोंडात, एवढं मला आठवतं.

"मला वाटलं, घावले," आई सांगत होती. "म्हटलं, पोरगी नर्स आहे, किती दिवस लपणार. आता ही बोंबलणार. म्हणून मी पुरतं आ केलं. म्हटलं, बघ बाई एकदाची आणि काय ओरडायचं ते ओरड. तू वाकून बघितलंस. गोळी तिथेच होती, कडू जहर लागत होती मला. आणि तू म्हणालीस, झालं, पुढची."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गोळी दिसंना जिला, तिला बोलून काय दिसणार होतं?"

ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. मला वाटत होतं मी तिला पेशंटसारखं वागवलं म्हणून ती निघून आली. पेशंटला मी असं वागवत नव्हते, एके काळी तरी नाही. त्या मावशींच्या गालातलं एवढंसं बटण मला सापडलं होतं. माझ्या आईच्या जिभेखालची अख्खी गोळी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही. माझे कान गरम झाले. खूप दिवसांनी मला लाज वाटली, चांगली सणसणीत, आणि मी ती थांबवायचा काही प्रयत्न केला नाही.

"का घेत नव्हतीस?" मी विचारलं.

"घशाखाली उतरत नाय."

"मग?"

हा "मग?" जुना होता, माझा होता. आईनेही ओळखला असावा, कारण तिने लसूण बाजूला ठेवला.

"तुझ्या बाबांची पण गोळी असायची ना सकाळी," ती म्हणाली. "आम्ही समोरासमोर बसून घ्यायचो. आधी कोण गिळतो बघायचं. रोज. ते मुद्दाम गाल फुगवून बसायचे, मला हसू यायचं, मग मला ठसका लागायचा आणि ते जिंकायचे. आता ती गोळी तोंडात टाकली की मी आपली बसून राहते. हसू नाय, ठसका नाय, ती खालीच जात नाय. मग कोरफडीच्या कुंडीत थुंकायची. तुझ्या घरची कोरफड माझ्या गोळ्यांवर वाढली बघ."

"मला सांगायचं ना, आई."

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. तू हं म्हणालीस."

मी डॉक्टरांना फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. ते आधी वैतागले, मग म्हणाले, वाढवलेली बंद करा, जुन्या ताकदीचीच चालू करा, आठवड्याने घेऊन या. जुनी पट्टी आईच्या डब्यात होतीच. नाश्ता तिचा झालेला होता. मी पाण्याचे दोन पेले भरले आणि तिच्या पुढ्यातल्या ढिगातून लसणाची एक पाकळी उचलली.

"हे काय?" आई म्हणाली.

"मला पण काहीतरी गिळायला नको का? चल. आधी कोण."

"कच्चा लसूण गिळणार तू? झोंबेल."

"झोंबू दे."

आम्ही समोरासमोर बसलो. मी गाल फुगवले. मला वडिलांसारखे फुगवता येत नाहीत, पण आईचा ओठ हलला, डोळे बारीक झाले, आणि तिने घोट घेतला. तिच्या गळ्यातून गोळी खाली गेलेली मी बघितली. माझी पाकळी अजून दाताखालीच होती, आणि ती फुटली, नाकातोंडातून जाळ निघाला. आई टाळी वाजवून हसली.

"हरलीस," ती म्हणाली. आणि मग माझी चेष्टा करायची म्हणून तिने तोंड उघडलं, जीभ वर केली. "घ्या सिस्टर. बघा."

मी बघितलं. खिडकीकडे तिची हनुवटी वळवून नीट बघितलं. मिसरीने काळपट झालेल्या हिरड्या. पुढचा एक दात किंचित तिरका, तो मला लहानपणापासून माहीत आहे. जिभेखाली काही नव्हतं. आणि डाव्या बाजूला, खाली, एक दाढ नव्हती. तिथली हिरडी नुकती भरून आल्यासारखी गुलाबी होती.

"आई, ही दाढ कधी काढलीस?"

आईने तोंड मिटलं. पदराने ओठ पुसले.

"तुझ्याकडे होते तेव्हाच," ती म्हणाली. "जावयांनी नेलेलं. आठवडाभर पातळ भात खात होते मी तुझ्यासमोर बसून."

मला रडू आलं. येतंय हे आधी कळलं, म्हणून मी जरा वाट बघितली, खरंच येतं का ते. खरंच आलं. मी आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, लसणाचा वास येत होता हाताला, आणि आईने पाणीबिणी काही दिलं नाही. रडू दिलं.

जरा वेळाने मी नाक पुसत विचारलं, "खूप दुखली का गं?"

"दुखली की. इंजेक्शन दिलं तरी दुखली. तो डॉक्टर म्हणजे पोरगंच होतं, त्याचेच हात कापत होते..." सांगता सांगता ती थांबली. "तुला उद्या ड्युटी आहे ना?"

"आहे. सकाळची."

"मग आजच दुपारी निघू. मी पण येते." तिने सोललेला लसूण डब्यात भरला, त्याचं झाकण लावलं. "पण जायच्या आधी दाढेचं पुरतं ऐकून घे."

"सांग," मी म्हटलं.